खुंट्याची ऐरण : जुन्या याद्या व जुनीं अवजारें वाचण्यास एक साधन

जुन्या यादींत, हिशेबाच्या कागदांत किंवा एखाद्या ग्रंथांत ऐरणीचा उल्लेख आला म्हणजे वाचकाच्या मनापुढें लोहाराच्या भट्टीजवळचा तो जड, रुंद माथ्याचा लोखंडी ठोकळा उभा राहतो. हा समज खोटा नव्हे, पण अपुरा आहे. धातु ठोकण्याच्या कामीं दुसऱ्या एका जातीची ऐरण फार प्राचीन काळापासून वापरांत आहे. तिचा माथा लहान असतो, खालीं निमुळता देठ असतो, आणि तो देठ लांकडाच्या ओंडक्यांत रोवला म्हणजेच ती कामास येते. तांबट, पत्रेकाम करणारे, चिलखतकार, सोनार हे सर्व तिचा उपयोग करीत आले. प्रस्तुत लेखांत सोईसाठीं तिला खुंटऐरण असें म्हटलें आहे. ही ऐरण थंड पत्र्यापुरतीच होती, कीं तिच्यावर तापलेलें लोखंडहि घडवीत असत, आणि घडवीत असल्यास कोणत्या मर्यादेंत, याचा येथें विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ कारागिरांचा नाहीं. उत्खननांत किंवा जुन्या वाड्याच्या अडगळींत एखादी ऐरण सांपडते आणि तिच्या आकारावरून तिचा धनी लोहार होता, तांबट होता कीं सोनार होता, हें ठरविलें जातें. जुन्या यादींतील एखाद्या शब्दाचा अर्थहि असाच ठरविला जातो. अवजाराचा उपयोग ठाऊक नसेल तर हे दोन्ही निर्णय चुकतात, आणि एकदां छापलेली चूक पुढील लेखकांच्या लेखांत वर्षानुवर्षें फिरत राहते.

प्रथम ऐरणीचे गुण पाहूं. ऐरणीच्या अंगीं दोन गुण असावे लागतात, एक वजन व दुसरा आकार. हातोड्याचा घाव तापलेल्या लोखंडावर पडतो तेव्हां त्या घावाचा जोर लोखंडांत मुरावयास हवा. खालची ऐरण हातोड्याच्या मानानें पुष्कळ जड असेल तर ती जागची हालत नाहीं आणि जोर लोखंडांतच खर्च होतो. ती हलकी असेल तर स्वतःच दबते, थरथरते, आणि जोराचा बराच भाग ओंडक्यांत व जमिनींत निघून जातो. म्हणून जाड लोखंड लांबविणाऱ्या लोहारास वजन प्रधान. पत्र्याचें काम करणाऱ्याची गरज निराळी. पत्रा पातळ असल्यानें त्यास थोडा घाव पुरतो. पण भांड्याच्या आंत, गळ्याखालीं, कांठाजवळ, नळीच्या पोकळींत जाऊन घाव झेलणारा आधार त्याला पाहिजे. म्हणून त्यास आकार प्रधान. रुंद ठोकळा घागरीच्या तोंडांतून आंत जाणार नाहीं, परंतु लांब हाताची व टोकाला गोल माथ्याची खुंटऐरण सहज जाते. तात्पर्य, जड ऐरण ही वजनाची ऐरण, तर खुंटऐरण ही आकाराची ऐरण होय.

खुंटऐरणीला वजनाची जी उणीव असते ती ओंडका भरून काढतो. देठ निमुळता असल्यामुळें प्रत्येक घावासरशी तो लांकडांत अधिक घट्ट बसतो. ओंडका असा उभा बसवितात, कीं लांकडाचे तंतू खालून वर जावेत व घाव तंतूंच्या टोकांवर पडावा. आडव्या तंतूंत रोवलेला देठ लांकडास थोड्याच दिवसांत चिरतो. ओंडक्याचा खालचा भाग जमिनींत पुरला म्हणजे ऐरण, ओंडका व भूमि मिळून एक शरीर होतें. यावरून एक गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावी, ती ही कीं, ओंडक्यावांचून खुंटऐरण अर्धीच होय.

आतां ग्रंथाकडे वळूं. यूरोपांत कलाकौशल्यावरील जे जुने लॅटिन ग्रंथ उपलब्ध आहेत त्यांत थिओफिलस या नांवानें लिहिणाऱ्या एका धर्मोपदेशकाचा ग्रंथ प्रमुख आहे. तो बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मानतात. त्याचे तीन भाग असून पहिला रंगकामावर, दुसरा काचेवर व तिसरा धातुकामावर आहे. त्याच्या जुन्या हस्तलिखितांपैकीं एक व्हिएन्ना येथें व एक वोल्फेनब्यूटेल येथें आहे. वोल्फेनब्यूटेलच्या ग्रंथालयाचा अधिकारी असतांना लेसिंग यानें १७७४ सालीं या ग्रंथाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. व्हिएन्नाच्या प्रतींत ग्रंथकाराचें दुसरें नांव रुगेरस असें दिलें आहे, आणि त्यावरून हेल्मार्सहाउझेन येथील रॉजर नांवाचा प्रसिद्ध धातुकारागीर तोच हा, असें अनुमान १८७४ सालीं आल्बर्ट इल्ग यानें मांडलें.

या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत कार्यशाळा, बैठक, भट्टी व भाता यांच्यानंतर लगेच ऐरणींचें प्रकरण येतें. त्यांत ग्रंथकार एकच ऐरण सांगत नाहीं. आकारभेदानें अनेक सांगतो. सपाट चौकोनी ऐरणी एक, सपाट पण शिंगाच्या दुसऱ्या. तिसऱ्या अर्ध्या फळाप्रमाणें माथा गोल असलेल्या, त्याहि लहानमोठ्या. यांस तो लॅटिनमधील गांठ या अर्थाचा शब्द लावतो. शेवटीं एका दांड्यापासून दोन शिंगें निघावीत तशा लांब व बारीक ऐरणी तो वर्णितो, ज्यांचें एक शिंग गोल व टोंकाकडे निमुळतें, तर दुसरें अधिक रुंद व टोंकास आंगठ्याप्रमाणें किंचित् वळलेलें असतें. ठोकून वाढविलेल्या भांड्यांचीं कामें यांवर होतात, असा त्याचा आशय आहे.

ज्यानें खुंटऐरण पाहिलेली नाहीं त्याला हें वर्णन कोड्यासारखें वाटेल. गांठ म्हणजे काय, दांडा कशाचा आणि शिंगें कां दोन? पण खुंटऐरण डोळ्यांपुढें ठेवली कीं प्रत्येक शब्द जागच्या जागीं बसतो. दांडा म्हणजे ओंडक्यांत रोवावयाचा देठ, आणि दोन शिंगें म्हणजे त्या देठावर आडवे पसरलेले दोन हात. ज्या हस्तलिखितांत अवजारांचीं वर्णनें येतात तीं कोशाच्या साह्यानें वाचण्याआधीं कारागिराच्या ओट्यावर बसून वाचावीत, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या दोन शिंगांच्या ऐरणीच्या नांवाचा इतिहासहि मनोरंजक आहे. लॅटिनमध्यें दोन शिंगांचा या अर्थीं बिकॉर्निस असा शब्द आहे. त्याचें फ्रेंच रूप बिगॉर्न, व त्यावरून इंग्रजींत बिकर्न. पुढें मूळ अर्थ विसरला जाऊन ऐरणीचें टोंक पक्ष्याच्या चोंचीसारखें दिसतें एवढ्यावरून लोकांनीं त्या शब्दाचें बीक-आयर्न, म्हणजे चोंचीचें लोखंड, असें नवें रूप केलें. एकशिंगी ऐरणीसहि मग हेंच नांव मिळालें. म्हणून इंग्रजी कागदांत हें नांव आढळल्यास त्या ऐरणीस दोन शिंगें असलींच पाहिजेत असें धरून चालतां येत नाहीं. आणि उलटपक्षीं चोंच हा मूळ अर्थ मानणें हेंहि बरोबर नाहीं.

ग्रंथापेक्षां हिशेबाचा कागद पुष्कळदां अधिक बोलका असतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या चिलखतकारांसाठीं १५१४ सालीं खरेदी केलेल्या अवजारांची एक यादी तेथील सरकारी दप्तरखान्यांत असून चार्ल्स फोक्स यानें चिलखतकारांच्या धंद्यावरील आपल्या १९१२च्या पुस्तकांत ती छापली आहे. या यादींत जड ऐरण एकच आहे. तिची किंमत २० शिलिंग. याच्या उलट दोन शिंगांच्या ऐरणी दोन, मोठी ६० शिलिंगांची व लहान १६ शिलिंगांची. शिवाय ज्यांस इंग्रजींत खुंटा याच अर्थाचा शब्द लावला आहे अशा ऐरणी सात. त्यांत नळीच्या कामाची ३ शिलिंग ४ पेन्सांची, टांगत्या नळीची ४ शिलिंग ४ पेन्सांची, शिरस्त्राणाच्या कण्याची व मुखपटाची प्रत्येकीं ४ शिलिंगांची, शिरस्त्राणाची ५ शिलिंगांची आणि उरस्त्राणाच्या दोन मिळून १० शिलिंगांच्या. या नऊ अवजारांची बेरीज १०६ शिलिंग ८ पेन्स होते, म्हणजे एकट्या जड ऐरणीच्या पांचपटीहून अधिक. त्या कारखान्याचें मुख्य भांडवल कोणत्या जातीच्या ऐरणींत गुंतलें होतें, हें याहून स्पष्ट सांगण्याची आवश्यकता नाहीं.

या यादींतील आणखी तीन नोंदी विचार करण्याजोग्या आहेत. पहिली, अवजारें बसविण्यासाठीं घेतलेले सहा ओंडके, एकूण १० शिलिंगांचे. रोवावयाच्या ऐरणी नऊ आणि ओंडके सहाच. त्या अर्थीं जसें काम निघेल तशी ऐरण काढून दुसरी बसवीत असावेत, असें अनुमान निघतें. दुसरी नोंद भट्टीच्या खुंट्याची असून तिची किंमत अवघे ६ पेन्स आहे. शब्द तोच, पण किंमत इतरांच्या मानानें नगण्य; यावरून ही ऐरण नसून भट्टींतील निखारे हालविण्याची सळई किंवा तत्सम वस्तु असावी. केवळ शब्दावर विसंबणारा वाचक येथें ऐरणींची संख्या एकानें वाढवील, पण किमतीकडे पाहणारा वाढविणार नाहीं. तिसरी गोष्ट अशी कीं, याच यादींत ३० शिलिंगांचा भाता, कोळसा, सांडशी, पाण्याचें कुंड आणि पोलादास पाणी देण्याचें पिंप हींहि आहेत. जेथें पत्र्याच्या ऐरणी तेथेंच भट्टी होती. चिलखताचा पत्रा कांहीं थंड व कांहीं तापवून ठोकीत असत. खोल शिरस्त्राण तापविल्यावांचून उठत नाहीं. तेव्हां खुंटऐरणीवर तापलेलें लोखंड घडवीत असत कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर हा कागदच होकारार्थी देतो.

मात्र या होकाराला मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादांतूनच अवजार ओळखण्याच्या खुणा निघतात. म्हणून खुंटऐरणीवर लोहारकाम कसें करतात हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

पहिला नियम असा कीं, घाव देठाच्या सरळ वर पडावा. आडव्या हातावर किंवा शिंगाच्या टोंकावर जोराचा घाव मारल्यास हात झोके खातो, घाव वायां जातो, देठ वांकतो आणि ओंडक्यांतील भोंक सैल होतें. शिंगाचा उपयोग वांकविण्यासाठीं, गोलाई देण्यासाठीं व कडी वळविण्यासाठीं करावा. लोखंड लांबविण्याचें काम देठावरील माथ्यावरच करावें. दुसरा नियम मालाच्या जाडीचा. बोटाएवढी सळई, खिळे, कड्या, बिजागऱ्या, चाकूचें पातें, एवढी कामें लहान हातोड्यानें खुंटऐरणीवर चांगलीं होतात. दोघांनीं घण घालून करावयाचीं कामें, जसें नांगराचा फाळ किंवा गाडीच्या चाकाची धांव, तिच्यावर होत नाहींत, आणि केलीं तर ऐरण नासते.

तिसरा नियम उष्णतेचा. पिवळसर तांबडें झालेलें लोखंड सुमारें ९०० ते १००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेलें असतें, तर पाणी दिलेल्या पोलादाचें पाणी २०० अंशांच्या पुढें उतरूं लागतें. जड ऐरणीच्या मोठ्या देहांत ही उष्णता पसरून नाहींशी होते; परंतु खुंटऐरणीचें बारीक शिंग थोड्याच वेळांत तापतें आणि त्याचें पाणी उतरून तें मऊ पडतें. म्हणून तापलेलें लोखंड तिच्यावर टेंकवून ठेवूं नये, घाव होतांच उचलावें, आणि ऐरण हाताला सोसवेनाशी झाली तर काम थांबवून ती आपोआप निवूं द्यावी. चौथा नियम ऐरणीच्या जातीचा. घडीव व पोलादी माथ्याची खुंटऐरण हें काम सोसते, पण बिडाची ओतीव सोसत नाहीं. बीड ठिसूळ असल्यानें हाताच्या सांध्याशीं तें तडकतें. एकोणिसाव्या शतकापासून कारखान्यांत पत्रेकामासाठीं ओतीव खुंटऐरणीहि होऊं लागल्या. त्या थंड पत्र्यासाठींच समजाव्या.

पांचवी गोष्ट नियम नसून परिणाम आहे, आणि संशोधकास तीच सर्वांत महत्त्वाची. तापलेल्या लोखंडावरून काळ्या खपल्या सुटतात. त्या घावाखालीं ऐरणीच्या माथ्यांत रुततात व त्यावर बारीक खड्डे पाडतात. असा खरबरीत झालेला माथा मग तांब्यापितळेच्या पत्र्यास चालत नाहीं, कारण माथ्यावरचा प्रत्येक खड्डा व ओरखडा पत्र्यावर उमटतो. आपल्याकडील तांबट भांडें मठारतांना ऐरणीच्या व हातोड्याच्या माथ्याची झिलई जी इतक्या दक्षतेनें राखतो, तिचें कारण हेंच. पुण्यास कसबा पेठेंतील तांबट आळींत मठारकाम पाहिलेल्या वाचकांस याची साक्ष पटेल. अर्थात् ज्या कारागिरास दोन्ही कामें करावयाचीं असत त्यानें दोन कामांच्या ऐरणी वेगळ्या ठेवणें हेंच स्वाभाविक होतें, आणि ज्या ऐरणीवर एकदां तापलेलें लोखंड नियमानें घडलें, ती पुन्हां तांब्याच्या कामास लावण्यापूर्वीं घांसून गुळगुळीत करणें भाग होतें.

एकच माणूस दोन्ही कामें करीत असे काय, अशी शंका येणें साहजिक आहे. स्वीडनमधील गोटलंड बेटावर मेस्टरमिर नांवाच्या पूर्वीच्या दलदलीच्या जमिनींत १९३६ सालीं नांगरतांना सांपडलेली ओक लांकडाची पेटी या शंकेचें उत्तर देते. ती सुमारें इ. स. १०००च्या आसपासची मानतात. पेटींत व तिच्याभोंवतीं मिळून दोनशेंहून अधिक वस्तु मिळाल्या. त्यांत हातोडे, सांडशी, कानशी, लहान ऐरणी, शिंगाची ऐरण, पत्रा कापण्याची कातर, तार ओढण्याची भोंकांची पट्टी, खिळ्यांचीं डोकीं घडविण्याचें अवजार, तसेंच करवती, कुऱ्हाडी, सामते, कुलुपें, किल्ल्या व पत्र्याचीं भांडींहि आहेत. या वस्तु स्टॉकहोमच्या इतिहाससंग्रहालयांत असून आर्विडसन व बेर्ग यांनीं १९८३ सालीं त्यांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. लोहार, पत्रेकारागीर, कुलुपकार व सुतार हे चार धंदे एका पेटींत मावले होते. गांवोगांव हिंडणाऱ्या किंवा लहान वस्तींत राहणाऱ्या कारागिरास मोठी ऐरण वाहून नेणें अशक्य. लहान ऐरण बरोबर घ्यावयाची व मिळेल त्या ओंडक्यांत रोवावयाची, हाच त्याचा मार्ग. तेव्हां सांपडलेल्या लहान ऐरणीवरून तिचा धनी केवळ सोनार किंवा केवळ तांबट होता असें ठरविणें धाडसाचें आहे.

वरील विवेचनावरून संग्राहकांनीं व हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्यात. अवजार पाहतांना प्रथम त्याचा माथा भिंगाखालीं पाहावा. झिलई टिकलेली असेल तर पत्र्याचें काम, बारीक खड्डे व कडा दबलेल्या असतील तर तापलेल्या लोखंडाचें काम, आणि माथा खरबरीत पण शिंगें झिलईदार असतील तर दोन्ही कामें संभवतात. त्यानंतर देठ पाहावा. वांकलेला देठ जड घावांची साक्ष देतो, आणि देठाच्या वरच्या टोंकास मार लागून पसरलेली कड ऐरण वरचेवर रोवल्याउपटल्याची. वजन करून लिहून ठेवावें. कान्स किंवा तेजाब लावून अवजार चकचकीत करूं नये. तसें केल्यास जो लेख त्याच्या माथ्यावर आहे तोच पुसला जातो. ओंडका मिळाल्यास तो जळाऊ लांकूड समजून टाकूं नये, कारण त्यांतील भोंकांचे आकार व संख्या हरवलेल्या ऐरणींचा पत्ता देतात.

कागद वाचतांना यादींतील एकच शब्द सुटा काढून त्याचा अर्थ लावूं नये. शेजारच्या नोंदी, किंमत, वजन, संख्या हीं सर्व एकत्र पाहावींत. १५१४च्या यादींत भाता व कोळसा यांनीं ऐरणींचा उपयोग सांगितला, ओंडक्यांच्या संख्येनें कामाची रीत सांगितली, आणि सहा पेन्सांनीं एका फसव्या शब्दाचा खुलासा केला. आपल्याकडील कारखान्यांच्या, शिलेखान्यांच्या व सरंजामाच्या याद्या मोडी दप्तरांतून वाचतांनाहि हीच पद्धत उपयोगीं पडेल. ज्यांच्या संग्रहीं अशा याद्या असतील त्यांनीं त्यांतील लोहार, तांबट व शिकलगार यांच्या अवजारांच्या नोंदी तुटक न छापतां संबंध यादीसह, किमतींसुद्धां, जशाच्या तशा छापाव्यात.

शेवटीं एक विनंति. विसाव्या शतकांत ॲल्युमिनिअम व पोलादी भांड्यांचा प्रसार झाल्यापासून तांब्यापितळेचें घरगुती काम पुष्कळ कमी झालें, आणि काम थांबलें म्हणजे अवजारें वजनावर मोडींत जातात. नाणें किंवा ताम्रपट मोडींत दिसला तर आपण तो सोडवून आणतों. खुंटऐरण मात्र वांकडा लोखंडी खुंटा म्हणून आपल्या नजरेखालून निघून जाते. अशी ऐरण विकत घेणें शक्य नसेल तर निदान तिची आकृति, माप, वजन, माथ्याची स्थिति व कारागिराच्या तोंडचें तिचें नांव एवढें टिपून ठेवावें. कारागीर हयात असतांना हें टिपण करण्यास अर्धा तास पुरतो. त्याच्यामागें तेंच ठरविण्यास विद्वानांच्या पिढ्या लागतात.